संस्थेत गेलं की घर मोडतं? एक खुलासा

"संस्थेच्या बायकांच्या नादी लागू नको, नवरा जेलात जाईल अन् घर मोडेल." घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या आमच्यासारख्या संस्थांबद्दल बीड-जालन्याकडच्या गावांत हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहितेच.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. नुसता अर्ज केला म्हणून अटक होत नाही. मारहाण थांबवा, खर्चाला पैसे द्या, असे आदेश कोर्ट देतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि घराचं म्हणाल, तर कलम १७ नुसार राहत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. घर टिकवणाराच कायदा आहे हा!

ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी एक बाई आमच्याकडे आली होती. पदराच्या गाठीत रेशनकार्डाची झेरॉक्स. कोयता दोघांचा, म्हणजे ऊस तोडणार नवरा-बायको मिळून; उचल, म्हणजे कामाआधी मिळालेले आगाऊ पैसे, मात्र नवऱ्याच्या हातात. तिला फारकत नकोच होती. "हात उचलू नये अन् माझ्या घामाचे पैसे मला मिळावेत," एवढंच.

आम्ही कार्यकर्त्या सतरंजीवर शेजारी बसतो, ऐकतो, तारखा लिहून घेतो, या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जातो. निर्णय तिचाच. शेजारीणसुद्धा त्या अधिकाऱ्याला कळवू शकते. चांगल्या हेतूनं माहिती दिली तर कलम ४ नुसार तिच्यावर काही येत नाही. वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.