हार्ट मोठं झालंय, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या का?

‘पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय, काहीतरी ताकदीचं द्या,’ असं म्हणत दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात कुणी ना कुणी येतंच. पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. बहुतेकदा सासऱ्यांची फाइल घेऊन आलेली सून, नाहीतर मुलगा. हवी असते ती व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल आणि चघळायची व्हिटॅमिन सी. दोन्ही आम्ही विकतो. तरी हृदयासाठी म्हणून मनाने नेऊ नका असं का सांगतो, ते वाचा.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिला आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं. रक्ताचा ओघ वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, भोवतालचा स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. या वायूचं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वायूच्या जोरावर काम करते.

हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय ताणून मोठं झालं, म्हणजे डॉक्टर म्हणतात ती कार्डिओमायोपॅथी होऊन हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू न शकणं) सुरू झालं, की शरीरात ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात. ते हा वायू कामाला लागण्याआधीच संपवतात. वाहिन्या आखडलेल्या राहतात आणि थकलेल्या हृदयाला त्यांतूनच रक्त ढकलावं लागतं.

व्हिटॅमिन सी या कणांना थोपवतं, हे खरं आहे. १९९८ च्याच एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना ते दिल्यावर हाताची धमनी अधिक चांगली रुंदावली. जाहिराती इथेच थांबतात. वाहिनी रुंदावली म्हणून माणूस जास्त जगतो का, हा प्रश्न वेगळा. २००२ साली ब्रिटनमधल्या २०,५३६ जणांच्या चाचणीचा निकाल आला: पाच वर्षं रोज ई, सी आणि बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) घेऊनही हार्ट अटॅक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. ‘होप’ नावाच्या दुसऱ्या एका चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तर हार्ट फेल्युअरचं प्रमाण जास्त निघालं. हे २००५ मध्ये छापून आलं. त्या चाचण्यांतले लोक मुख्यतः धमन्यांच्या आजाराचे किंवा मधुमेहाचे होते, पण पंपिंग कमी असलेल्या माणसाने तर अधिकच जपायला हवं.

वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त डोसच्या व्हिटॅमिन ईने रक्तस्राव वाढू शकतो. मुतखडा होऊन गेला असेल तर व्हिटॅमिन सीचे मोठे डोस नकोत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन टाळावं, त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला आहे. व्हिटॅमिन बी-१ ची गोष्ट निराळी: त्याच्या कमतरतेनेच हृदय दुबळं होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते जरूर घ्या.

मग खायचं काय? पेरू. एका मध्यम पेरूत दिवसभराच्या गरजेहून जास्त व्हिटॅमिन सी असतं. व्हिटॅमिन ईसाठी मूठभर शेंगदाणे खा, पण खारे नकोत. आवळा ताजा खा, मिठात मुरलेला नको. मीठ पाणी धरून ठेवतं आणि पायांवरची सूज वाढते. म्हणून शेव-उसळीवरची शेवही बेतानेच. नारळपाणी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि हार्ट फेल्युअरमध्ये देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

आयुष्य वाढवतात त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, बीटा ब्लॉकरसारख्या (हृदयाचे ठोके संथ करून त्याच्यावरचा ताण कमी करणाऱ्या) गोळ्या. पैसे अपुरे पडत असतील तर आधी त्या घ्या, व्हिटॅमिन राहू द्या. येताना चिठ्ठी आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत आणा, काउंटरवरच ताडून पाहू.