नसलेल्या फायलींचं पंचांग

समजा, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये एक फोटो आहे. तो काढताना लोकेशन चालू होतं, त्यामुळे चित्रासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांशही फाइलमध्ये नोंदले गेले. आता दोन वेगवेगळी अ‍ॅप ही फाइल उघडतात. पहिल्या अ‍ॅपला फोटोचं ठिकाण वाचायची परवानगी आहे, त्याला अक्षांश-रेखांश मिळतात. दुसऱ्याला ती परवानगी नाही. त्याला फोटो तोच दिसतो, पण ठिकाणाच्या जागी नुसती शून्यं येतात. फाइल एकच, नाव एकच, फोल्डर एकच. वाचणारा बदलला आणि आतला मजकूर बदलला. फोनच्या साठवणुकीत मात्र या फोटोची एकच प्रत आहे आणि तिला कुणी हात लावलेला नाही. ही किमया लिनक्समधल्या ‘फ्यूज’ नावाच्या सोयीची, आणि ही गोष्ट तिचीच.

हे समजून घ्यायचं तर ‘फाइल म्हणजे डिस्कवर ठेवलेली वस्तू’ ही समजूत थोडा वेळ बाजूला ठेवू या. एखादा प्रोग्राम फाइल वाचतो तेव्हा डिस्क त्याला कधीच दिसत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो. या फोल्डरमध्ये काय काय आहे? अमुक नावाचं काही आहे का? असेल तर केवढं, कुणाचं, शेवटचं कधी बदललेलं? त्यातले शंभराव्या बाइटपासून पुढचे चार हजार बाइट दे. हे प्रश्न तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला विचारतो आणि येईल त्या उत्तराला फाइल म्हणतो.

गंमत अशी की कर्नलमधला जो थर हे प्रश्न ऐकून घेतो, तोही स्वतः उत्तर देत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांपुढे एक अडचण होती. आपल्याच संगणकातली डिस्क आणि नेटवर्कवरची दुसऱ्या संगणकातली डिस्क, दोन्ही वापरणाऱ्याला सारख्याच दिसायला हव्या होत्या. त्यांनी मध्ये एक समाईक थर घातला. लिनक्समध्ये त्याच जातीच्या थराला व्हीएफएस म्हणतात. वरून येणारे प्रश्न ठरावीक. खाली उत्तर देणारे अनेक, त्यांनाच फाइल सिस्टीम म्हणतात. लिनक्सच्या डिस्कवर उत्तर देते एक्स्ट४, पेनड्राइव्हवर बहुधा फॅट, नेटवर्कवर एनएफएस.

पण हे सगळे उत्तर देणारे कर्नलच्या आत राहतात, आणि आत राहायचं म्हणजे तिथल्या अटी पाळायच्या. तिथे एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, चुकला तर अख्खं मशीन कोसळू शकतं. बाहेरच्या जगातल्या तयार लायब्रऱ्या तिथे चालत नाहीत. चाचणी घ्यायला मशीनवर सर्वाधिकार लागतात. एखाद्याला सुचलं की झिप फाइल उघडल्यावर साध्या फोल्डरसारखी दिसावी, तर तेवढ्यासाठी कर्नलमध्ये शिरायला कोण धजावणार?

झिप-फोल्डरचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. हंगेरीचे मिक्लोश सेरेदी एव्हीएफएस नावाच्या प्रकल्पात नेमकं हेच करत होते. गुंडाळलेल्या फायलींच्या आत, त्या न उलगडता, सरळ डोकावता यावं ही त्यांची धडपड होती. त्यातूनच फ्यूज जन्माला आलं. पूर्ण नाव ‘फाइलसिस्टिम इन युजरस्पेस’, म्हणजे कर्नलच्या बाहेर, तुमच्याआमच्या साध्या प्रोग्रामांच्या वस्तीत राहणारी फाइल सिस्टीम. ऑक्टोबर २००५मध्ये, २.६.१४ या आवृत्तीसोबत, फ्यूज अधिकृत लिनक्स कर्नलचा भाग झालं.

त्याची रचना इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचताना वाटतं, एवढंच? कर्नलमध्ये एक छोटा भाग बसतो. व्हीएफएसला तो इतर कुठल्याही फाइल सिस्टीमसारखाच वाटतो. पण प्रश्न आला की तो त्याचं उत्तर शोधत नाही. प्रश्नाची चिठ्ठी करून रांगेत ठेवतो आणि विचारणाऱ्या प्रोग्रामला झोपवतो. बाहेर दुसरा एक प्रोग्राम ‘/डेव्ह/फ्यूज’ नावाची खास फाइल वाचत बसलेला असतो. त्याच्या हातात चिठ्ठी पडते. तो हवं तिथून उत्तर मिळवतो आणि त्याच खास फाइलमध्ये लिहून परत करतो. कर्नल झोपलेल्याला उठवून उत्तर हातात देतो. विचारणाऱ्याला या उठाठेवीचा पत्ताही लागत नाही.

चिठ्ठ्या वाचायचं किचकट काम लिबफ्यूज ही लायब्ररी करते. आपण फक्त काही फंक्शनं लिहून द्यायची. फाइलची माहिती सांगणारं ‘गेटअ‍ॅट्र’, फोल्डरची यादी देणारं ‘रीडडिर’, मजकूर देणारं ‘रीड’. नुसतं वाचता येण्याइतपत फाइल सिस्टीम या तिघांवर उभी राहते.

एक उभी करूनच पाहू. पंचांगाची फाइल सिस्टीम. तीत ‘२०२५’ नावाचं फोल्डर, त्यात ‘०८’, त्यात ‘२७’ आणि त्यात ‘तिथी’ नावाची फाइल. ती उघडली की आत दिसावं: भाद्रपद शुद्ध चतुर्थी. डिस्कवर यातलं काहीही नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या रेखांशांमधल्या फरकाचा बारा-बारा अंशांचा एकेक टप्पा. शुद्ध चतुर्थीला तो फरक ३६ ते ४८ अंशांत असतो. कुणी फाइल मागितली की आपला प्रोग्राम त्या दिवशीच्या सूर्योदयाचं गणित करील आणि उत्तर देईल. हजार वर्षांचं पंचांग, तीन लाख पासष्ट हजारांवर दिवस, आणि साठवणुकीची जागा शून्य.

आता खरी मेख. कर्नल मजकूर मागण्याआधी विचारतो, फाइल केवढी आहे? म्हणजे ‘रीड’च्या आधी ‘गेटअ‍ॅट्र’ला आकार सांगावा लागतो. तुम्ही पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्या शब्दांची लांबी मोजलीत तर उत्तर येतं २१: देवनागरीची १९ चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा. हाच आकार कळवला आणि फाइल उघडली, तर पडद्यावर उमटतं फक्त ‘भाद्रपद’. शुद्ध नाही, चतुर्थीही नाही. कारण कर्नल बाइट मोजतो आणि यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘भाद्रपद’ या शब्दात काना आणि हलन्त धरून सात चिन्हं, म्हणजे बरोबर २१ बाइट. पूर्ण मजकुराचा खरा आकार ५९ बाइट. उत्तर देणाऱ्याने ५९ बाइट पुढे केले तरी, आकार २१ सांगितलाय म्हणून, कर्नल तिथेच कात्री चालवतो. आकार शून्य सांगितला तर फाइल रिकामी दिसते. आधी आकार सांगणं शक्यच नसेल, तर फाइल उघडतानाच ‘डायरेक्ट आयओ’ची खूण करायची, मग कर्नल आकाराकडे न पाहता आपण देऊ तेवढं पुढे पाठवतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याची ही चूक कित्येक वर्षं खपून जाऊ शकते. मराठीत ती पहिल्याच फायलीत पकडली जाते.

लिबफ्यूजमध्ये शिरायला दोन दारं आहेत. वरच्या पातळीच्या दारात आपल्याला सरळ पूर्ण पत्ता मिळतो, ‘/२०२५/०८/२७/तिथी’. पंचांगासाठी हेच सोयीचं. खालच्या पातळीच्या दारात पत्ता येत नाही. प्रत्येक फाइल-फोल्डरला आपणच एक क्रमांक द्यायचा. कर्नल एकेक पायरी विचारत येतो: सगळ्यात वरच्या, मूळ फोल्डरमध्ये ‘२०२५’ आहे का? त्या क्रमांकाच्या आत ‘०८’ आहे का? कुठला क्रमांक कर्नलच्या अजून लक्षात आहे आणि कुठला तो विसरला, याचा हिशेबही आपल्याकडे. काम वाढतं, पण ताबा पूर्ण राहतो. वेगाची गरज असलेल्या फाइल सिस्टीम हेच दार निवडतात.

वेगाचा विषय टाळून चालणार नाही, कारण फ्यूजवरचा सगळ्यात जुना आक्षेप तोच आहे. साधी फाइल वाचताना प्रोग्राम एकदा कर्नलमध्ये जातो आणि परत येतो. फ्यूजमध्ये चिठ्ठी बाहेर जाते. बाहेरच्या प्रोग्रामला खऱ्या डिस्कवरचं काही हवं असेल तर तो पुन्हा कर्नलमध्ये जातो, परत येतो, मग उत्तर घेऊन तिसऱ्यांदा आत. प्रत्येक फेरीत वेळ जातो. २०१७मध्ये वँगूर, तारासोव्ह आणि झडोक या संशोधकांनी हे काटेकोरपणे मोजलं. काही कामांत फरक जाणवतही नाही; काही कामांत, सगळ्या सुधारणा करूनही, वेग ८३ टक्क्यांनी घसरतो. दोन टोकांमधलं हे अंतर मला त्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर एका फेरीत भरपूर माल येतो. हजारो बारक्या फायली करायच्या आणि पुसायच्या असतील तर फेऱ्याच फेऱ्या. पंचांगाला यातलं काहीच बाधत नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स २०११मध्ये एका चर्चेत म्हणाले होते की युजरस्पेसमधल्या फाइल सिस्टीम खेळण्यांपलीकडे कामाच्या आहेत असं मानणारे लोक चुकताहेत. चर्चा होती ओव्हरलेएफएसबद्दल, म्हणजे एकावर एक ठेवलेली फोल्डरं एकच असल्यासारखी दाखवणाऱ्या फाइल सिस्टीमबद्दल, आणि ते कर्नलच्या आत राहणारं ओव्हरलेएफएस लिहिणारेही मिक्लोश सेरेदीच. ते २०१४मध्ये कर्नलमध्ये आलं आणि आज डॉकरचे कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फायलींसह बांधून दिलेले प्रोग्राम, त्यावर चालतात. फ्यूजच्या कर्त्यानेच, गरज होती तिथे, कर्नलच्या आतली वाट धरली. टोरव्हाल्ड्स यांची वेगाबद्दलची चिंता रास्त होती. पण ‘खेळणी’ हा शब्द मला तेव्हाही पटण्यासारखा नव्हता. २००७पासून लिनक्सवर विंडोजची डिस्क बिनधोक लिहिता येत होती ती एनटीएफएस-३जी या प्रोग्राममुळे, आणि तो फ्यूजवरच चालतो. त्या तोडीचा कर्नलमधला चालक (ड्रायव्हर) यायला २०२१ उजाडलं. मधली चौदा वर्षं लोकांची लग्नाची अल्बम, हिशेब, प्रबंध या ‘खेळण्या’तून सुखरूप गेले.

याहून मोठं उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं. तिथल्या महाकाय कण-त्वरकातून येणाऱ्या विदेचं (डेटाचं) विश्लेषण जगभरच्या केंद्रांत होतं, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं सीएमएस प्रयोगाचं केंद्रही आहे. विश्लेषणाचं सॉफ्टवेअर म्हणजे असंख्य छोट्या फायली आणि त्यांच्या सतत बदलणाऱ्या आवृत्त्या. त्या प्रत्येक मशीनवर प्रत्येक वेळी उतरवणार कशा? सर्नची सीव्हीएमएफएस ही फ्यूजवर बांधलेली फाइल सिस्टीम ते करतच नाही. मशीनवर सगळं सॉफ्टवेअर असल्यासारखं दिसतं. एखादी फाइल पहिल्यांदा उघडली की तेवढीच साध्या वेबच्या मार्गाने येते आणि पुढच्या वेळेसाठी जवळ ठेवली जाते. जे उघडलं नाही ते आलंच नाही.

आता पुन्हा फोनकडे. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत सामायिक साठवणूक फ्यूजमधून चालायची. वेगासाठी २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये गूगलने ती एसडीकार्डएफएस या कर्नलमधल्या फाइल सिस्टीमकडे दिली. तीन वर्षांनी, अँड्रॉइड ११मध्ये, गाडी पुन्हा फ्यूजवर आली. कुठल्या अ‍ॅपला काय दिसावं, हा निर्णय दिवसेंदिवस बारीक होत गेला होता, आणि असला निर्णय कर्नलच्या बाहेर घेणं सोपं, सुरक्षित. आता फोनमधला मीडियाप्रोव्हायडर हा प्रोग्राम चिठ्ठ्या वाचतो. अ‍ॅप फोटो मागतं, तो त्याच्या परवानग्या पाहतो आणि गरज पडली तर ठिकाणाचे बाइट शून्यांनी भरून पुढे देतो. गेलेला वेग भरून काढायलाही उपाय झाले. ज्या फायलीत काही झाकायचं नाही, तिचे बाइट कर्नलने बाहेर न पाठवता थेट द्यावेत, ही ‘पासथ्रू’ सोय अँड्रॉइड १२मध्ये आली आणि २०२४मध्ये मुख्य लिनक्स कर्नलच्या ६.९ आवृत्तीत. २०२५च्या ६.१४मध्ये चिठ्ठ्यांची ने-आण आयओ-युरिंग या नव्या, कमी फेऱ्यांच्या मार्गानेही करता येऊ लागली.

उत्तर देण्याचा अधिकार कुणालाही मिळाला की गैरवापराची भीती आलीच. मुद्दाम कधीच उत्तर न देणारी फाइल सिस्टीम कुणी लावली, तर तिथे डोकावणारा प्रत्येक प्रोग्राम अडकून बसेल. म्हणून फ्यूजचा नियम कडक आहे: ज्याने माउंट केलं, म्हणजे फाइल सिस्टीम एखाद्या फोल्डरवर लावली, त्यालाच आत प्रवेश. सर्वाधिकारी रूट वापरकर्त्यालाही, मुभा दिल्याशिवाय, तिथे ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं. लिनक्स शिकणारे हे पाहून हमखास चक्रावतात. चांगल्या हेतूने लिहिलेला प्रोग्रामही अडकू शकतो, उदाहरणार्थ त्याने आपल्याच माउंट केलेल्या फोल्डरमधली फाइल उघडली तर. उत्तर देणाराच उत्तराची वाट पाहत बसतो. अशा वेळी ‘/सिस/एफएस/फ्यूज/कनेक्शन्स’मध्ये त्या जोडणीची ‘अबॉर्ट’ नावाची फाइल शोधायची आणि तिच्यात काहीही लिहायचं. जोडणी तुटते, अडकलेले सुटतात. बाहेरचा प्रोग्राम कोसळला तर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ असा संदेश येतो. ‘फ्यूजरमाउंट’ला उणे-यू देऊन फोल्डर सोडवायचं, चूक दुरुस्त करायची, पुन्हा लावायचं. मशीन तोवर शांतपणे चालूच असतं, आणि मला वाटतं, फ्यूजने दिलेलं सगळ्यात मोठं स्वातंत्र्य हेच आहे.

आपल्या पंचांगाला एक भर घालता येईल. मुळाशी ‘आज’ नावाचा एक दुवा ठेवायचा, जो त्या दिवसाच्या फोल्डरकडे नेईल. दुवा कुठे जातो हे ‘रीडलिंक’ फंक्शन सांगतं, तेही विचारलं त्या क्षणी. पंचांगाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो, म्हणून प्रोग्रामला गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे. नागपूरला सूर्य रत्नागिरीच्या आधी उगवतो, ऋतूप्रमाणे पाव ते अर्धा तास. दोन्ही गावांतल्या लॅपटॉपवर हाच प्रोग्राम लावला, तर रोज सकाळी तेवढ्या वेळापुरतं नागपूरचं ‘आज’ नव्या दिवसात गेलेलं असेल आणि रत्नागिरीचं अजून कालच्यातच.