संथ कम्प्युटर आणि संमतीची चौकट: दोन तक्रारींची एकत्र पार्श्वभूमी

तंत्रज्ञानावर गप्पा निघाल्या की काही मतं हमखास कानावर येतात. ‘कम्प्युटर जुना झाला, आता स्लो होणारच.’ ‘अपडेट देऊन कंपन्या मुद्दाम स्लो करतात.’ ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, घेऊ देत माहिती.’ ‘प्रायव्हसीचे कायदे म्हणजे प्रत्येक साइटवर उगाच एक बटण दाबायची कटकट.’ यातली पहिली दोन वेगाबद्दलची, पुढची दोन खासगीपणाबद्दलची. आपण त्यांना वेगळं समजतो. पण गेल्या तीस वर्षांत यंत्राची वाढलेली ताकद नेमकी कोणाच्या कामाला लागली हे पाहू लागलं, की चारही मतं एकाच इतिहासातून आलेली दिसतात.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण तो घरगुती कम्प्युटरपेक्षा वयाने मोठा आहे. माहिती-संरक्षणाचा जगातला पहिला कायदा पश्चिम जर्मनीतल्या हेसेन राज्याने १९७० मध्ये केला. देशपातळीवर पहिला मान स्वीडनचा, १९७३. अमेरिकेत त्याच वर्षी एका सरकारी समितीने काही साधी तत्त्वं मांडली: ज्याचं अस्तित्वच गुप्त आहे असा माहितीसाठा असू नये, आपल्याबद्दल काय नोंदवलंय ते माणसाला कळावं, एका कामासाठी घेतलेली माहिती त्याला न विचारता दुसऱ्या कामाला वापरू नये. पुढच्या वर्षी तिथे कायदाही झाला. या सगळ्या कायद्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. सरकारच्या किंवा मोठ्या संस्थेच्या इमारतीत एक अवाढव्य यंत्र आहे, आणि नागरिक त्या इमारतीच्या बाहेर उभा आहे.

‘लपवण्यासारखं काही नाही’ या मताला सर्वांत मुद्देसूद उत्तरही याच काळात मिळालं. पश्चिम जर्मनीत १९८३ च्या एप्रिलमध्ये जनगणना व्हायची होती. लोकांनी तिला जोरदार विरोध केला आणि तिथल्या घटना न्यायालयाने ती आधी स्थगित केली. १५ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की आपोआप प्रक्रिया करणारी यंत्रं आल्यावर ‘किरकोळ माहिती’ असं काही उरत नाही. एकटी नोंद निरुपद्रवी वाटते. ती कशाशी जोडली जाते यावर तिचं वजन ठरतं. आपल्याबद्दलची माहिती कधी आणि कोणत्या मर्यादेत बाहेर जावी, हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केलं. इंटरनेट घराघरांत पोचण्याच्या कितीतरी आधीचा हा निकाल आहे आणि आजही तो वाचताना कुठे जुना वाटत नाही.

मधल्या काळात कम्प्युटर लोकांच्या टेबलावर आला होता. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. तो कशाशीही जोडलेला नसायचा. त्यात काय चाललंय ते वापरणाऱ्याला ठाऊक असायचं, आणि संथ चालला तर कारणही त्याच खोलीत सापडायचं: फाइल मोठी आहे, मेमरी अपुरी आहे, डिस्क हळू आहे. यंत्र आपलं आणि त्याची मेहनतही आपल्यासाठीच, ही आपली धारणा त्या काळात पक्की झाली. परिस्थिती बदलली तरी धारणा तशीच राहिली.

वेगाच्या बाबतीतही एक सवय तेव्हाच लागली. पुढे इंटेल या चिप कंपनीचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरच्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होईल असा अंदाज बांधला होता; १९७५ मध्ये त्यांनी तो दर दोन वर्षांवर आणला. अनेक दशकं त्याचा थेट फायदा ग्राहकाला मिळाला. नवा कम्प्युटर घ्यावा आणि सगळंच झपाट्याने चालावं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा हातही त्यामुळे सैल सुटला. पास्कल ही प्रोग्रामिंग भाषा घडवणारे निक्लाऊस विर्थ यांनी १९९५ मध्येच याबद्दल कळकळीने लिहिलं होतं, की हार्डवेअर जितक्या वेगाने जलद होतंय त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होत चाललंय. पूर्वी ८,००० बाइटमध्ये बसणाऱ्या एडिटरच्या कामाला आता शंभरपट जागा लागते, हे त्यांचं उदाहरण. आजच्या तुलनेत ती शंभरपटही मामुलीच.

इथून पुढची गोष्ट कुकीची, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतले तरुण प्रोग्रामर लू माँटुली यांच्यासमोर एक अडचण होती. वेब पान मागितलं की सर्व्हर ते देतो आणि मागणाऱ्याला विसरून जातो. अशाने ऑनलाइन खरेदी कशी चालणार? टोपलीत काय ठेवलं तेच पुढच्या पानाला माहीत नसे. एक सरळ उपाय होता: प्रत्येक ब्राउझरला कायमचा क्रमांक द्यायचा. माँटुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जाणूनबुजून नाकारला, कारण त्या क्रमांकावरून माणसाचा साइटोसाइटी माग काढता आला असता. त्याऐवजी त्यांनी अशी सोय केली, की प्रत्येक साइट आपल्यापुरती छोटीशी नोंद ब्राउझरमध्ये ठेवेल आणि ती नोंद फक्त त्याच साइटला परत मिळेल. हीच कुकी. खासगीपणाचा विचार करून केलेली ही रचना होती.

मात्र एका पानात चित्रं आणि जाहिराती दुसऱ्या सर्व्हरवरूनही येऊ शकत होत्या, आणि तो दुसरा सर्व्हरही आपली कुकी ठेवू शकत होता. एकाच जाहिरात कंपनीची चित्रं हजारो साइटवर असतील, तर त्या हजारो साइटवर तोच माणूस तिला ओळखू येणार. जो क्रमांक मुद्दाम टाळला होता, तो या बाजूच्या दाराने आत आला. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकं ठरवणाऱ्या मंडळाने आरएफसी २१०९ हा दस्तऐवज काढला. त्यात ब्राउझरने अशा परक्या कुकी मुळातच बंद ठेवाव्यात अशी अपेक्षा स्पष्ट होती. तोवर जाहिरातींचा धंदा त्याच कुकींवर उभा राहिला होता, आणि त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी त्या चालूच ठेवल्या. कुकी बंद केली तर जाहिरातदार न दिसणारी दुसरी वाट काढतील, कुकी निदान दिसते आणि पुसता येते, असं माँटुली यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने एक प्रयोग केला. ब्राउझरची आवृत्ती, फाँट, स्क्रीनचा आकार अशा साध्या तपशिलांवरूनच त्यात सहभागी झालेल्या ८३.६ टक्के ब्राउझरची अगदी वेगळी ओळख पटत होती. तरीही मला वाटतं, १९९७ चा तो निर्णय या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागडी सवलत ठरली. मूळ ठेवण जशी असते तशीच बहुतेक लोक वापरतात.

त्याच सुमाराला लोकांचा विरोध यशस्वी झाल्याचंही एक उदाहरण आहे. १९९९ मध्ये इंटेलने पेंटियम ३ प्रत्येक चिपच्या अनुक्रमांकासह आणला आणि तो क्रमांक सॉफ्टवेअरला वाचता येत होता. खासगीपणासाठी काम करणाऱ्या संस्थांनी बहिष्काराची हाक दिली, इंटेलने तो क्रमांक मुळात बंद ठेवायचं मान्य केलं आणि पुढच्या पिढीतून तो काढूनच टाकला. चिपवरचा क्रमांक लोकांना डोळ्यांसमोर दिसला म्हणून ते चिडले. कुकीने तेच काम शांतपणे केलं.

२००४ च्या आसपास वेगाची बाजू अचानक पालटली. पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने सोडून दिला. चिप तापत होती, वीज खात होती. त्यानंतर प्रगती मुख्यतः कोअर, म्हणजे एकाच चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढवण्याकडे वळली. आता वेब पानाचा जावास्क्रिप्ट कोड बहुतांशी एकाच मुख्य धाग्यावर, म्हणजे एकामागून एक अशा एकाच रांगेत, चालतो; शेजारचे सात कोअर मोकळे असले तरी त्या पानाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आणि नेमकी याच काळात पानं फुगत गेली. २०१० च्या अखेरीस साधारण पान अर्ध्या एमबीच्या आसपास होतं. २०२४ मध्ये ते अडीच एमबीच्या वर गेलं. त्यात चित्रं आहेत, सजावट आहे, पण माग काढणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे ट्रॅकरही आहेत. पान उघडत असतानाच आपल्या डोळ्यांपुढची जाहिरातीची जागा काही मिलिसेकंदांत लिलावात विकली जाते. त्या लिलावाची तयारी आपल्याच प्रोसेसरवर, आपल्याच बॅटरीवर होते. बटण दाबलं आणि दोन सेकंद काहीच हललं नाही, तर अनेकदा त्या वेळी यंत्र दुसऱ्याचं काम उरकत असतं.

हे निव्वळ अनुमान नाही. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. दंड २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जास्त असेल तिथपर्यंत. काही अमेरिकी वृत्तपत्रांनी घाबरून युरोपातल्या वाचकांना दारच बंद केलं. यूएसए टुडेने वेगळा मार्ग घेतला आणि युरोपसाठी ट्रॅकर काढलेली साइट दिली. मूळ पान ५ एमबीहून मोठं होतं, हे जेमतेम अर्ध्या एमबीचं. ज्यांनी दोन्ही उघडून पाहिली त्यांना फरक लगेच जाणवला. बातम्या त्याच होत्या. खासगीपणाच्या कायद्याने कम्प्युटर जलद झाल्याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि ते इतक्या लवकर विस्मरणात गेलं याचं वाईट वाटतं.

विस्मरणाचं कारण म्हणजे साइट उघडताच कुकींना परवानगी मागणारी ती संमतीची चौकट. जीडीपीआरने ती आणली असं सर्रास म्हटलं जातं, पण तिचं मूळ युरोपच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात आहे. त्यात आधी फक्त नकार देण्याची सोय होती. २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेणं आवश्यक केलं. जीडीपीआरने संमती कशाला म्हणायचं ते कडक केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने आधीच टिक केलेला चौकोन ही संमती धरता येणार नाही असा निकाल दिला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. कारण असं, की होकार एका क्लिकवर होता आणि नकार द्यायला कित्येक क्लिक लागत होते. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२० पासून लागू झाला. भारतात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल माहितीचा कायदा आला.

एक गोष्ट मात्र गप्पांमध्ये कधीच येत नाही. युरोपच्या कायद्यात निव्वळ गरजेच्या कुकींना, म्हणजे लॉगिन टिकवणाऱ्या, टोपली लक्षात ठेवणाऱ्या कुकींना, संमती लागतच नाही. जी साइट माग काढत नाही तिला चौकट दाखवायची गरज नाही. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या साइटने डिसेंबर २०२० मध्ये अनावश्यक कुकी काढून टाकल्या आणि त्याबरोबर चौकटही काढली. तेव्हा जी कटकट कायद्याच्या नावावर खपते, ती बहुतेक ठिकाणी साइटने स्वतः निवडलेली असते. कायद्याचा दोष वेगळा आहे. त्याने दर वेळी, दर साइटवर, थकलेल्या माणसाला निर्णय घ्यायला लावला.

‘अपडेट देऊन मुद्दाम स्लो करतात’ या मतालाही आधार आहे, पण अर्धाच. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो, म्हणजे फोन अचानक बंद पडणार नाही. कारण पटण्याजोगं होतं. वापरणाऱ्याला ते सांगितलं नव्हतं, आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो त्याबद्दल. याच्या बरोबर उलटी बाजू काही आठवड्यांतच समोर आली. ३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढच्या सूचना अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर ते काम टाकून देतो, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या जलद मेमरीत, उरतात आणि त्यावरून दुसऱ्या प्रोग्रामचं गुपित वाचता येतं. वर्षानुवर्षं आपण ज्या वेगाचं कौतुक केलं, त्याचा काही भाग अशा उघड्या फटीतून आला होता. ती बुजवणाऱ्या अपडेटांनी काही कामं खरोखर मंदावली. क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मेमरीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढेल असं गूगलनेच सांगितलं. हा संथपणा आपल्या संरक्षणासाठी आहे, ट्रॅकरचा नाही, आणि दोन्हींना एकच शिवी देऊन चालत नाही.

निवड एकदाच सांगावी, ब्राउझरने ती सगळीकडे पोचवावी, ही कल्पनाही जुनी आहे. ‘डू नॉट ट्रॅक’ची, म्हणजे ‘माझा माग काढू नका’ असं साइटला कळवण्याची सोय फायरफॉक्समध्ये २०११ मध्ये आली. ती पाळायची सक्ती कोणावरच नव्हती, म्हणून बहुतेकांनी पाळली नाही, आणि २०१९ मध्ये तिच्या मानकाचं कामही गुंडाळलं गेलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या तशाच इशाऱ्याचं नशीब बरं निघालं, कारण कॅलिफोर्नियात तो इशारा पाळणं कायद्याने बंधनकारक ठरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेही ब्राउझरमधून दिलेली निवड साइटने मानावी असा प्रस्ताव मांडला. दरम्यान क्रोमने परक्या कुकी बंद करण्याचं २०२० मध्ये दिलेलं आश्वासन २०२४ मध्ये मागे घेतलं. सफारी आणि फायरफॉक्स त्याआधीच पुढे गेले होते.

सध्याचा वाद यंत्राच्या नव्या ताकदीवर आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केलं: दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र टिपायचं आणि पुढे कधीही शोधता येईल असं साठवायचं. त्यासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा प्रोसेसर हवा. सगळी प्रक्रिया यंत्रावरच होते, बाहेर काही जात नाही, असं सांगितलं गेलं. तरी साठवण नीट कुलूपबंद नसल्याचं सुरक्षा अभ्यासकांनी दाखवलं. टीकेनंतर ते लांबणीवर पडलं आणि २०२५ मध्ये आलं ते कूटबद्ध साठवणीसह, वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच चालणारं. यंत्रावरच प्रक्रिया करणं ही दिशा मला योग्य वाटते. १९८३ च्या निकालाला ज्या जोडणीची भीती होती, ती जोडणी निदान माणसाच्या स्वतःच्या ताब्यात राहते. प्रश्न पडताळणीचा आहे. एखादं काम खरोखर आपल्या यंत्रावर झालं की बाहेर गेलं, आणि त्यासाठी किती मेमरी आणि बॅटरी खर्ची पडली, हे सामान्य माणसाला सहज तपासता येईल अशी सोय अजून सरसकट मिळत नाही, आणि कायदे संमतीबद्दल जितके बोलतात तितके या तपासणीबद्दल बोलत नाहीत.