रिवणची गुंफा आणि पणसायमळचा कातळ

गेल्या डिसेंबरात पुण्याहून माझा मावसभाऊ गोव्यात आला होता. आदिमानवाची चित्रं बघायची म्हणून तो सकाळीच गाडी काढून रिवणला गेला. तिथल्या गुंफेत वाकून शिरला, मोबाइलच्या उजेडात सगळ्या भिंती पाहिल्या आणि दुपारी हिरमुसून परत आला. चित्रं पुसली गेली असणार, असं त्याला वाटलं. पुसली गेली नव्हती. ती त्या गुंफेत कधी नव्हतीच.

ही गल्लत पुष्कळांची होते, कारण दोन्ही जागा सांगे तालुक्यात, दोन्ही जांभ्या दगडात आणि रस्ताही एकच. लोक रिवणला थांबतात. चित्रं मात्र काही किलोमीटर पुढे, कुशावती नदीच्या काठी, पणसायमळला आहेत. या जागेला उसगाळीमळ असंही म्हणतात. तिथे गुहा नाही. छप्पर नाही, भिंत नाही, आहे तो फक्त पायाखालचा उघडा कातळ.

रिवणची गुंफा म्हणजे लेणं. बौद्ध भिक्षूंनी राहण्यासाठी ती कोरली असं अभ्यासक मानतात, काळ साधारण ६व्या-७व्या शतकाचा धरतात. गावात मात्र ती पांडवांचीच. हरवळ्याच्या गुंफांनाही आपल्याकडे पांडवांच्याच म्हणतात. आत गेलात तर चित्रं शोधू नका, भिंतीवर हात ठेवून बघा. चिरेखाणीत चिऱ्याच्या अंगावर हत्याराचे तिरपे घाव राहतात, तशा खुणा लागतील. जांभा खणून काढला की मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. त्याच गुणामुळे लेणंही कोरता आलं आणि आपली घरंही उभी राहिली.

पणसायमळची गोष्टच वेगळी. तिथे जागा कोरलेली नाही, आकृत्या कोरल्या आहेत. गावकऱ्यांकडून माग लागला आणि १९९३मध्ये ही कातळशिल्पं अभ्यासकांच्या नजरेत आली. शंभराहून अधिक आकृत्या आहेत: वशिंडाचे बैल, हरणं, माणसं आणि आत आत वळत जाणारं एक मोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ. वयाबद्दल एकमत नाही. कुणी मध्याश्मयुग (जुन्या आणि नव्या अश्मयुगांमधला काळ) म्हणतात, कुणी त्याहून मागे जातात, कुणी बरंच अलीकडे आणतात. कोळसा किंवा हाड सापडलं तर त्यावरून काळ काढता येतो, नुसत्या खाचेवरून तो काढणं फार अवघड.

'गुहाचित्रं' हा शब्द आपल्या डोक्यात बसला तो मध्य प्रदेशातल्या भीमबेटकामुळे. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७मध्ये उजेडात आणलेली ती चित्रं वालुकाश्माच्या कपारींत, पांढऱ्या-तांबड्या रंगांत काढलेली आहेत. रंगाला डोक्यावर आडोसा लागतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात पणसायमळचा कातळ पावसाळ्यात नदीच्या पाण्याखाली जातो. तिथे रंग टिकलाच नसता, खाच टिकली. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं हीच याची खरी भावंडं. २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत ती एकत्रच नोंदली गेली, त्यात पणसायमळही आहे.

म्हणून बघायची रीतही वेगळी. रिवणला बॅटरी हवी, पणसायमळला तिरपं ऊन. बारा वाजता गेलात तर सपाट तांबडा दगड दिसेल आणि तुम्ही बैलाच्या पाठीवरून चालत जाल. पाऊस ओसरून कातळ कोरडा झाला की जा, सकाळी लवकर किंवा चारनंतर. चपला बाजूला काढा. आणि कळकळीने सांगतो, फोटोत उठून दिसावं म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरू नका, दगडाने खरवडू तर मुळीच नका. इतकी शतकं पाण्याखाली राहून शाबूत राहिलेली रेघ आपल्या पाच मिनिटांत झिजता कामा नये.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास भावाला घेऊन गेलो. आधी त्याला काहीच दिसेना. ऊन खाली कललं तशी एका खाचेच्या कडेला सावली धरली, वशिंडाचा उंचवटा उमटला, मग शिंगं. भाऊ तिथेच उकिडवा बसला आणि हात न लावता, हवेतल्या हवेत, ती रेघ बोटाने शेपटीपर्यंत गिरवत गेला.