महाकाय नकाशाचित्रे

संगणकीय नकाशाकामात वापरली जाणारी, काही जीबींपासून शेकडो जीबींपर्यंतची चित्रे. उपग्रहाची छायाचित्रे, ड्रोनचे शेकडो फोटो सांधून केलेला ऑर्थोमोझेक, स्कॅन केलेले जुने गावनकाशे, जमिनीच्या उंचीची प्रारूपे हे सगळे यात आले. यातला प्रत्येक पिक्सेल जमिनीवरच्या ठरावीक जागेला बांधलेला असतो. साध्या फोटोचे तसे नसते.

आकार किती फुगतो, ते कोल्हापूरवरून मोजता येते. हद्दवाढीचा वाद बाजूला ठेवला तर शहर ६६.८२ चौ. किमी. पाच सेंटिमीटरला एक पिक्सेल धरला, तर एका चौरस किलोमीटरात २०,००० गुणिले २०,००० म्हणजे ४० कोटी पिक्सेल होतात. तांबडा, हिरवा, निळा यांना एकेक बाइट दिला की १.२ जीबी, आणि अख्ख्या शहराचे सुमारे ८० जीबी. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटरच्या चित्रात हेच शहर जेमतेम पावणेसात लाख पिक्सेलांत बसते; साध्या मोबाइलचा फोटोही त्याहून मोठा असतो.

अशी चित्रे बहुधा टिफ या प्रकारच्या फाइलीत साठवतात. साधी टिफ फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, कारण चित्राचा कोणता भाग फाइलीत कुठे आहे हे सांगणारे तिच्यातले पत्ते ३२ बिटांचे असतात. बिगटिफ या तिच्या मोठ्या भावंडात ते ६४ बिटांचे केले आहेत. हा पर्याय आधी निवडला नाही, तर रात्रभर चाललेले काम पहाटे अडकते. (फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवरही चार जीबीची फाइल मावत नाही, तिथे दोष टिफला देऊन उपयोग नाही.)

फाइल मोठी असणे ही खरी अडचण नव्हेच. ती आत कशी रचली आहे, यावर सगळे अवलंबून असते. समजा चित्र दोन लाख पिक्सेल रुंद आहे आणि रंकाळ्याच्या काठचा हजार गुणिले हजार पिक्सेलांचा तुकडा पाहायचा आहे. चित्र ओळीने साठवले असेल, तर संगणक त्या हजार ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतो. त्या भरतात ६० कोटी बाइट. तेच चित्र ५१२ पिक्सेलांच्या चौकोनी टाइल्समध्ये साठवले असेल, तर फार तर नऊ टाइल्स लागतात. सुमारे ७० लाख बाइट. पूर्ण शहर एकदम पाहायला पिरॅमिड लागतात. निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या या प्रती फाइलमध्येच ठेवतात आणि सगळ्या मिळून मूळ आकाराच्या एक तृतीयांशच जागा घेतात. कॉग (क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ) प्रकारच्या फाइलीत टाइल्स आणि पिरॅमिड या दोन्ही सोयी असतात, त्यामुळे दूरच्या सर्व्हरवरूनही हवा तेवढाच भाग ओढता येतो.

आकार आवळताना तारतम्य हवे. रंगीत छायाचित्राला जेपेग चालते, पण त्यात कडेचा निव्वळ काळा, म्हणजे ‘इथे माहिती नाही’ असे सांगणारा शून्य, कुठे एक तर कुठे दोन होतो. मग सांध्यांवर काळे ठिपके उरतात. त्यासाठी वेगळा मास्क, म्हणजे कुठे माहिती आहे आणि कुठे नाही एवढेच सांगणारा थर, ठेवावा. उंचीच्या प्रारूपाला मात्र डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यूसारखी, काहीही न गमावणारी पद्धतच हवी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. चार फुटांच्या या खेळात उंचीचे आकडे ढळलेले परवडत नाहीत, कारण पूररेषा त्यांच्यावरूनच आखतात.

उसाच्या पट्ट्यात वेगळाच त्रास होतो. वाऱ्याने हलणारा, सगळीकडे सारखा दिसणारा ऊस सॉफ्टवेअरला दोन फोटोंतल्या सामाईक खुणा सापडू देत नाही. त्यामुळे फोटो एकमेकांवर जास्त चढवून घ्यावे लागतात, आणि माल आणखी वाढतो.

तुकडे एकत्र करायला दरवेळी नवी प्रचंड फाइल करायची गरज नसते. व्हीआरटी ही छोटी मजकूर-फाइल कोणता तुकडा कुठे ठेवला आहे, एवढेच सांगते आणि क्यूजीआयएस हे नकाशाकामाचे सॉफ्टवेअर ते अखंड चित्र म्हणून दाखवते. फोल्डरचे नाव मात्र कुणी बदलू नये. बदलले की व्हीआरटीला तुकडे सापडत नाहीत आणि त्या जागी नकाशा कोरा दिसतो.