फोंड्याचा पाऊस आणि पफची काच

जुलैत फोंड्यात चीज पफचं पाकीट फोडलं की ते एका बैठकीत संपवावं. परवा फोन आला म्हणून मी उठलो. बराच वेळ बोलून परतलो, तर भाचीने उरलेले पफ उदारपणे माझ्यासाठी ठेवलेले. तोंडात टाकल्यावर औदार्याचं कारण कळलं. पफ मोडेना, नुसता चेपला जाई.

कुरकुरीत पफ म्हणजे काच. खिडकीची नव्हे, स्टार्चची.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावी 1930च्या दशकात फ्लेकॉल नावाची कंपनी गुरांच्या खाद्याची यंत्रं बनवायची. यंत्र तुंबू नये म्हणून त्यात ओला मका घालत. तापलेल्या यंत्रातून तो फुगून, दोरीसारखा बाहेर पडे. एडवर्ड विल्सन या कामगाराने तो घरी नेऊन तळला, मीठमसाला लावला. म्हणजे आपला हा लाडका खाऊ मूळचा गोठ्याच्या वाटेवरचा!

आजही युक्ती तीच. मक्याचा किंचित ओला रवा मळसूत्री दांड्याने दाबत नेतात. तापमान 100 अंशांच्या बरंच वर जातं, पण दाबामुळे आतलं पाणी उकळू शकत नाही. बारीक भोकातून पीठ बाहेर आलं की दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि पीठ फुगतं. लाही फुटते तेव्हा हेच घडतं. तिथे दाण्याचं टरफलच कुकर असतं. मग पफ भाजून किंवा तळून जवळजवळ कोरडा करतात. वर तेल आणि चीजची पूड. नारिंगी रंग बऱ्याचदा शेंदरीच्या बियांचा.

कोरड्या स्टार्चच्या लांब साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात. चावलं की बुडबुड्यांच्या पातळ भिंती तडातड मोडतात, तीच कुरकुर. त्या साखळ्यांत पाण्याचे रेणू शिरले की त्या सैल होऊन सरकू लागतात आणि काचेचं रबर होतं. आसपासची आर्द्रता 40-50 टक्क्यांच्या वर गेली की ही घसरण सुरू होते. आपल्याकडे पावसाळ्यात ती 80च्या वर असते, मग पफ बिचारा काय करणार? आपल्या आज्या मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या, सोलं नि पापड कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायच्या, ते याच पाण्याला दूर ठेवायला.

पाकिटात नायट्रोजन भरतात, त्याने तेल खवट होत नाही. कंपनी हवा विकते ही तक्रार अर्धीच खरी.

नरमलेले पफ मी मंद आचेवर कोरड्या तव्यात परतले. पाणी निघून गेलं, तरी गरम पफ मऊच लागला, कारण काच निवल्यावरच थिजते. मी थांबलो. निवल्यावर पहिला पफ मोडल्याचा आवाज झाला आणि भाची स्वयंपाकघरात हजर.