रंगाला मोकळं सोडलं की तो कसा वागतो

काळ्या रंगाचा ओला थर घ्यायचा, त्यावर पांढरा रंग ओतायचा आणि हात मागे घ्यायचा. थोड्या वेळात पांढऱ्यातून काळे ठिपके वर येतात, पसरतात, मधे पांढरी जाळी उरते, आणि या सगळ्यात ब्रश कुठेच नाही! मेक्सिकन चित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्कशॉपमध्ये हेच करत होते.

कारण साधं आहे. पांढऱ्या रंगात सहसा टायटॅनियम डायऑक्साइडसारखी जड पूड असते, काळ्यातलं कार्बन त्यामानाने हलकं. जड वर आणि हलकं खाली ही अवस्था टिकत नाही, जड खाली घुसतं, हलकं वाट काढत वर येतं. याला रेले-टेलर अस्थिरता म्हणतात, आणि अवकाशातल्या क्रॅब नेब्युलात फुटलेल्या ताऱ्याच्या वायूंचे जे धागे दिसतात त्यामागेही हीच गोष्ट आहे, मला तर हे फार भारी वाटतं.

आता यात योगायोग किती? अमुक ठिपका नेमका कुठे उगवेल ते कोणीच सांगू शकत नाही, पण दोन ठिपक्यांमधलं सरासरी अंतर मात्र सांगता येतं, कारण ते रंग किती घट्ट, थर किती जाड, वजनात फरक किती यावर ठरतं. म्हणजे चित्रकार ठिपके काढत नाही, पण ते बारीक हवेत की मोठे हे तोच ठरवतो.

त्या वर्कशॉपला अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकही होता, ज्याने पुढे १९४७ पासून कॅनव्हास जमिनीवर पसरून वरून रंग सोडला. मधाची धार उंचावरून सोडली की खाली वेटोळी पडतात ना, तसंच रंगाचंही होतं. पण २०१९ मध्ये संशोधकांनी तो चित्र काढतानाच्या जुन्या फिल्ममधून हाताचा वेग आणि उंची मोजली, तर तो वेटोळी पडणारच नाहीत अशा बेताने हात फिरवत होता असं दिसलं. माझ्या चित्रात अपघात नसतो असं तो म्हणायचा, ते बऱ्यापैकी खरंच होतं.

घरी बघायचं असेल तर दोन गुळगुळीत प्लॅस्टिक शीटमधे घट्ट रंगाचा थेंब दाबा आणि शीट वेगळ्या करा. हवा कडेने आत शिरताना झाडासारख्या फांद्या फुटतात. हळू ओढलं तर मोजक्या आणि जाड, झटकन ओढलं तर भरपूर आणि बारीक.